किशनची सावड

किशनबद्दल लिहू का, असं मी त्यालाच विचारलं होतं. तो भाताचे भारे बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "लिवा अण्णा. पण लोक मना हसतील असं लिवू नका."

"हसण्यासारखं त्यात काय आहे?"

"हाय ना. तुमी तिथंच व्हता."

मी तिथंच होतो, म्हणून लिहितो आहे. एरवी लिहिणं हे माझं काम नाही. सुताला खळ लावायच्या, सायझिंगच्या कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली, तिथं लिहिलं ते दुसऱ्यानं सांगितलेलं.

किशनचा पाडा भिवंडीहून बराच पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पाड्यावर काही जणांची भाताची थोडी खाचरं आहेत, काही जणांकडे तेवढीही नाहीत. पूर्वी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. मग पूर्णा, राहनाळ, वळ या गावांच्या बाजूनं गोडाऊनं उठत गेली आणि पहाटे पाड्याच्या खाली टेम्पो येऊन उभा राहू लागला. किशन त्याच टेम्पोतून पहिल्यांदा हमालीला गेला. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेला, खोक्यांवरचं इंग्रजी त्याला वाचता यायचं. दोन-तीन वर्षांत साहेबांनी त्याला सुपरवायझर केलं. पाड्यावरचा तो पहिलाच.

सुपरवायझरला चमकणाऱ्या पट्ट्यांचं नारिंगी जॅकेट मिळतं. पहिल्या दिवशी किशन ते घालूनच घरी आला. त्याची मावशी मंगळी, आई लहानपणीच गेल्यावर जिनं त्याला वाढवलं ती, त्याच गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. तिनं जॅकेट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हे घालून रस्त्यावर निजलास तरी गाडी अंगावर यायची न्हाय, हाय ना?" हे मला किशननंच सांगितलं. तेव्हा त्याला हसू आलं होतं.

त्याच्या हाताखाली वीस-बावीस माणसं, जवळजवळ सगळी पाड्यावरची. कोणी काका, कोणी वहिनी, कोणी शाळेत बरोबर असलेला. तो कोणावर ओरडत नसे. शेजारच्या लाइनचा सुपरवायझर शैलेश वळ गावचा, तोंडाचा फटकळ, पण मनानं वाईट नाही. तो किशनला म्हणायचा, "तू सुपरवायझर हाय का पाड्याचा पाटील? शिवी दिल्याबिगर तुझी माणसं हलतात कशी?" किशन फक्त हसायचा. आणि खरंच हलायची. संध्याकाळी शिफ्ट सुटता सुटता गुजरातकडची गाडी येऊन लागली की बाकीच्या लाइनवर कुरकुर सुरू व्हायची. किशनची माणसं मात्र मशीनवर सुटल्याचा अंगठा लावून बाहेर न पडता परत आत यायची, गाडी खाली करायची आणि मगच टेम्पोत बसायची. गोडाऊनचा मॅनेजर सुयश, डोंबिवलीचा तरुण मुलगा, सगळ्यांना किशनचं उदाहरण द्यायचा.

हे सगळं मला कळलं ते माझ्या सुनेमुळे. माझी सून यामिनी कामगार कायद्याचं शिकली आहे. ज्या मोठ्या कंपनीचा माल त्या गोडाऊनमध्ये असतो, तिनं अट घातली होती की सुपरवायझरांना पगाराचे आणि ओव्हरटाइमचे नियम नीट शिकवा, नाहीतर माल दुसरीकडे नेतो. ते काम यामिनीला मिळालं. ती नाशिकची. इथल्या गावातली बोली तिच्या कानाला नवी. म्हणून म्हणाली, "अण्णा, तुम्ही चला. मी अडले की तुम्ही सांगा. नाहीतरी घरी बसून पेपर दोनदा वाचता." मी गेलो. माझं काम मागच्या खुर्चीवर बसणं आणि विचारलं तर बोलणं एवढंच होतं, म्हणून जमण्यासारखं वाटलं.

वर्ग पूर्णाच्या गोडाऊनच्या माळ्यावरच्या कँटीनमध्ये होता. वर पत्रा, बाजूला चहाचं मशीन, समोर ठेकेदारांचे आणि कंपनीचे मिळून पंधराएक सुपरवायझर. नवरात्राचे दिवस होते, मालाची गर्दी, त्यामुळे कोणाचं मन वर्गात नव्हतं. शैलेश मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, लवकर शिकवा. कायदा शिकता शिकता ओव्हरटाइम व्हायचा." सगळे हसले. यामिनीही हसली. तिनं कायद्याची कलमं काढलीच नाहीत. म्हणाली, "मला एकच सांगा. शिफ्ट सुटली, माणसं निघाली, आणि दारात गाडी उभी आहे. त्या वेळी तुम्ही तोंडानं नेमकं काय बोलता? जसं बोलता तसंच सांगा, मी फळ्यावर लिहिते."

मग शैलेश उठला. "लिवा मॅडम. 'गाडी काय माझ्या बापाची हाय, मी एकटा खाली करू?'" यामिनीनं ते जसंच्या तसं लिहिलं. त्यावर सगळ्यांची भीड चेपली. एक जण म्हणाला, "मी बोलतो, जो जाईल त्यानं उद्या यायचं नाय." दुसरा म्हणाला, "मी वडापाव सांगतो. वडापावला सगळे थांबतात." एक उत्तर प्रदेशचा भय्या होता, तो म्हणाला, "मैं तो बस गेट बंद कर देता हूँ." हसता हसता फळा भरत गेला. यामिनी प्रत्येकाला विचारत होती, या बोलण्यात माणसाला 'नाही' म्हणायला जागा आहे का, आणि थांबलेल्या वेळाचे दुप्पट पैसे त्याला मिळतात का. कोणी खाली बघत होतं, कोणी मिशीवरून हात फिरवत होतं. पण तोपर्यंत सगळं हसण्यावारीच चाललं होतं.

किशन शेवटून दुसरा होता. तो उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर, मला वाटतं, थोडा अभिमान होता.

"मी असलं कायच बोलत न्हाय, मॅडम. मी फक्त 'सावड' बोलतो. एवढाच शब्द."

यामिनीनं माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, सावड म्हणजे?"

मला आनंद झाला, हे कबूल करतो. इतक्या वेळात मला माहीत असलेली ही पहिलीच गोष्ट निघाली होती. मी उभं राहून सांगितलं की लावणीला, कापणीला या बाजूचे शेतकरी सहसा मजूर लावत नाहीत. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचरात उतरायचं, उद्या दुसऱ्याच्या. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत, ज्याचं शेत त्याचं जेवण. जो तुमच्याकडे आला त्याच्याकडे तुम्ही जायचंच. त्याला सावड म्हणतात. आणि मी वर म्हटलं, "फार चांगली पद्धत आहे."

"हो ना," किशन म्हणाला. "मी माझ्या माणसांना तेच सांगितलंय. गाडी आली की आपली सावड. मंग कोणाला सुट्टी पायजे, कोणाच्या घरी बारसं, तर मी सांभाळून घेतो. जबरदस्ती न्हाय, शिवी न्हाय, वडापाव न्हाय. मंगळी मावशीसुद्धा थांबते."

यामिनीनं फळ्यावर मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलं, सावड. मग विचारलं, "अंगठा कधी लावतात ही माणसं? सावडीच्या आधी की नंतर?"

"आधी. सुटताना."

"आधी का?"

किशनला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "सावड कंपनीची नसते ना मॅडम. आपली आपली असते. त्यात अंगठा कशाला?"

यामिनीचा आवाज एरवीही मोठा नसतो, त्या वेळी आणखी खाली गेला. "किशनभाऊ, ते तुमच्या शेतावर येतात, मग तुम्ही त्यांच्या शेतावर जाता. बरोबर? मग या सावडीत ते गोडाऊनवर येतात. गोडाऊन कधी गेलं त्यांच्या शेतावर?"

मागून शैलेश म्हणाला, "गेलं ना. सुयश सर लावणीला गेलेले, चिखलात बूट घालून."

सगळी खोली हसली. फार मोठ्यानं हसली. माझ्याही तोंडावर हसू आलं असेल, मला आठवत नाही. किशन उभाच होता. त्याचा हात जॅकेटच्या चेनवर होता आणि ती तो हळूहळू खालीवर करत होता. हसणं थांबल्यावर त्यानं विचारलं, "बसू का मॅडम?"

साठ-पासष्ट वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी बरीच माणसं ओशाळलेली पाहिली. चोरी पकडली गेलेली पाहिली. पण हा माणूस चोर नव्हता. त्याच्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू त्यानं सगळ्यांसमोर आणून ठेवली होती, आणि ती कशासाठी वापरली जात होती ते त्याला तिथंच, पंधरा माणसांच्या हसण्यात कळलं. आणि ती वस्तू किती चांगली आहे हे त्या खोलीला सांगणारा मी होतो.

वर्ग संपल्यावर चहा आला. किशननं घेतला नाही. सगळे बाहेर गेले तेव्हा तो फळ्यापाशी आला. शैलेशचं वाक्य, वडापाव, गेट बंद, सगळं तसंच होतं.

"मॅडम, एवढा एक शब्द पुसू का?"

यामिनी डस्टर शोधू लागली, तोवर त्यानं तळहातानंच पुसून टाकला होता. हात जॅकेटला न पुसता तसाच धरून तो जिना उतरला.

पुढचं मला मंगळी मावशीनं सांगितलं. त्याच आठवड्यात शिफ्ट सुटायच्या वेळी गाडी लागली. माणसांनी सवयीनं अंगठे लावले आणि सवयीनं किशनकडे बघत उभी राहिली. तो काही बोलेना.

"मी म्हणलं, बोल ना रं," मावशी म्हणाली. "टेप माझ्या हातातच व्हती. हा आपला तोंड शिवल्यासारखा. मंग म्हणला, जा घरी. आमाला वाटलं ह्याचं डोकं फिरलं."

माणसं गेली. गाडी सकाळपर्यंत भरलेलीच उभी राहिली. सुयशनं किशनला केबिनमध्ये बोलावून विचारलं की एका दिवसात असं काय झालं. किशन म्हणाला, "सर, ओव्हरटाइम लावा, मी माणसं थांबवतो." सुयश म्हणाला, "तुझ्या लाइनला ओव्हरटाइम लागत नाही, म्हणून तर तुझ्या अंगावर जॅकेट आहे." त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्याही वर कोणीतरी होतं. पण आपल्या अंगावर जॅकेट कशामुळे आहे ते किशनला त्या दिवशी कळलं. तोवर त्याला वाटत होतं, इंग्रजी वाचता येतं म्हणून.

त्याच्या मनात एकच गोष्ट बसली होती आणि ती त्यानं यामिनीकडून माझा नंबर घेऊन मला फोनवर सांगितली. त्याचं भात गरवं, उशिरा पिकणारं. दिवाळीनंतर कापणीला येईल. दरवर्षी तो पाड्यावर सावड सांगायचा आणि सगळे यायचे. "आता मी कोणत्या तोंडानं सांगू अण्णा? तोच शब्द. गोडाऊनमदी वापरून वापरून मी तो नासवला. आता पाड्यावर बोललो तर लोक इचारतील, अंगठा आधी लावू का मागून." आपण पाड्यावरचे राहिलो की नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. बाकी नोकरीचं त्यानं काही विचारलं नाही.

मी म्हटलं, बघू. मी बहुतेक वेळा बघू म्हणतो.

त्यानं स्वतःच एक मार्ग काढला. ज्यांच्याकडे हळवं, लवकर पिकणारं भात होतं, त्यांची कापणी सुरू झाली होती. सुट्टीच्या दिवशी किशन विळा घेऊन न बोलावता एकेकाच्या खाचरात जाऊन उतरायला लागला. पहिल्यांदा तुळजाच्या. तुळजा त्याच्याच लाइनवर ट्रॉली ओढते, बोलायला खमकी.

ती म्हणाली, "आज आमची सावड न्हाय. कोणी सांगितलं तुला?"

"फेडायला आलोय."

"काय फेडायला?"

तेव्हा त्यानं कापता कापता तिला सगळं सांगितलं. अंगठा, गाडी, दुप्पट पैसे. तुळजा ऐकत राहिली आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हंजी आमचं तू फुकट नेलंस?"

"हो."

"आणि वर आमीच तुला 'किशनदादा चांगला' म्हणत व्हतो?"

"हो."

तिनं त्याच्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "वाकडं कापतोस. जॅकेट घालून घालून हात गेला तुझा." आणि पुन्हा कापायला वाकली. दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. दुपारी सगळ्यांना भाकरी वाढली, त्यालाही वाढली, पण त्याच्या भाकरीवर चटणी ठेवायची ती विसरली. विसरली असं किशन म्हणतो.

गंमत अशी की त्यानं सांगेपर्यंत पाड्यावर कोणाला राग नव्हता. जिथं जिथं तो फेडायला गेला तिथं तिथं तो स्वतःच राग पेरून आला. काही जण म्हणाले, तू सांभाळून घ्यायचास, आता आमच्या सुट्टीचं काय. एक म्हातारा म्हणाला, मॅडमनं तुझं डोकं फिरवलं. दोघांनी तर त्याला खाचरात उतरूच दिलं नाही. तरी तो जात राहिला. सुवर्णा, त्याची बायको, त्याला म्हणाली, "सगळ्यांचं कापून झालं की आपलं कोण कापणार ते बघ." तो विळा घेऊन निघाला.

शेवटी राहिली मंगळी मावशी. तिच्याकडे तो संध्याकाळी गेला. ती दारात वाल सोलत बसली होती. हा विळा घेऊन समोर उभा.

"माझ्याकडं काय कापतोस?" ती म्हणाली. "दारात एक शेवगा हाय. त्याला हात लावू नकोस."

मंगळीला शेत नाही. कधीच नव्हतं. ती लावणी-कापणीला मजुरीनं जायची, आणि गोडाऊनं आल्यापासून तीही नाही. किशनला हे लहानपणापासून माहीत होतं, पण विळा घेऊन तिच्या दारात उभं राहीपर्यंत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं की सावड ही शेतवाल्यांची असते. ज्याला शेत नाही तो सावडीत नसतो. तरी इतकी वर्षं ती त्याच्या सावडीत उभी होती, टेप लावत.

तो म्हणाला, "मावशी, छपराचं काम करून देतो. लाकडं आणून देतो."

"छप्पर जावई बघतो. लाकडं मी आणते." तिनं सोललेले दाणे एका बाजूला केले. "मी थांबत व्हते ते तू माझ्या अंगाखांद्यावर वाढलास म्हणून. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. पण माझा वेळ तुझ्या घरी आला न्हाय किशन. तो त्या गाडीत गेला. तिकडनं आण."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," ती म्हणाली आणि पुन्हा वाल सोलू लागली.

महिन्याभरानं यामिनीचा दुसरा वर्ग झाला. या खेपेला पुढच्या खुर्चीवर सुयश बसला होता आणि त्याच्या शेजारी माल ठेवणाऱ्या कंपनीकडून आलेली एक बाई. मी मागेच. यामिनीनं फळ्यावर तीच जुनी वाक्यं पुन्हा लिहिली होती आणि ती विचारत होती की आता त्याऐवजी काय बोलता. शैलेशनं सांगितलं, "आता मी बोलतो, 'कृपया गाडी माझ्या बापाची समजा.'" हशा झाला. सुयशही हसला.

किशन उठला. या वेळी त्यानं बसू का विचारलं नाही आणि कोणी बस म्हणायची वाटही पाहिली नाही. त्याला भाषण येत नाही. तो म्हणाला, "माझ्या लाइनवर माणसं अंगठा लावल्यावर काम करतात. मी करायला सांगितलं. मी जॅकेट घातलं तवापासून. माणसांची नावं सांगतो." आणि नावं सांगायला लागला. तुळजा. सावळाराम. बायजाबाई. मंगळी.

सुयश मागे वळून म्हणाला, "किशन, हे आपण केबिनमध्ये बोलू या."

"न्हाय सर. केबिनमदी मी परत 'हो' बोलेन."

कोणी हसलं नाही. ती कंपनीची बाई काहीतरी टिपून घेत होती. सुयशच्या मानेवर लाली चढली होती. मला त्याच्याकडेही बघवेना. मग मागून शैलेशचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "माझ्याकडं पण तेच हाय, मॅडम. मी फक्त शिव्या देऊन करतो."

पुढे चौकशी झाली. गेटच्या कॅमेऱ्यात माणसं अंगठ्यानंतर उशिरा बाहेर पडताना दिसत होतीच. कॅमेरा जेवढं जुनं साठवतो, तेवढ्याचे पैसे निघाले. त्याच्या मागचं गेलं. आता शिफ्ट सुटल्यावर थांबायचं तर आधी विचारतात आणि अंगठा कामानंतर लागतो. पुष्कळदा गाडी सकाळपर्यंत उभीही राहते. किशनची नोकरी गेली नाही, जॅकेट गेलं. सुयशनं कारण दिलं की दोन लाइन एक करतो आहोत. किशन आता शैलेशच्या हाताखाली खोकी उतरवतो. शैलेश त्याला शिवी देत नाही, आणि किशनला ते जास्त जड जातं असं तो म्हणतो.

पाड्यावर कोणी त्याचं कौतुक केलं नाही. पैसे आले ते लोकांनी घेतले. तुळजा त्याच्याशी बोलायला लागली आहे, थोडंसं.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाले आणि किशनचं भात पिवळं झालं. त्यानं सावड सांगितली नाही. एका रविवारी मी टेम्पोनं त्याच्याकडे गेलो. कशाला गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. मला विळा धरता येत नाही. बांधावर आंब्याच्या सावलीत बसलो. किशन आणि सुवर्णा दोघंच खाचरात होते. दरवर्षी तिथं पंधरा-वीस माणसं ओळीनं असायची, असं सुवर्णा म्हणाली. पाड्यावरची माणसं वरच्या वाटेनं जात होती. काही जण थांबून बघत होते. कोणी खाली उतरलं नाही, आणि किशननंही वर पाहिलं नाही.

ऊन वर आलं तेव्हा मंगळी मावशी आली. कमरेला विळा होता. ती बांधावर माझ्यापाशी उभी राहिली.

किशन सरळ झाला. "मावशी, मी बोलावलं न्हाय तुला."

"म्हाईत हाय. मी सावडीला आले न्हाय. मना शेत न्हाय, मना कसली सावड? मजुरी काय देतोस ते बोल."

सुवर्णाचा विळा थांबला. किशनच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. हिच्या हातचं खाऊन तो मोठा झालेला. त्यानं पाड्यावर चालू होती ती मजुरी सांगितली.

"आणि दिवस मावळल्यावर?"

"दुप्पट," तो म्हणाला.

"हां," म्हणाली ती, आणि पदर खोचून खाचरात उतरली. तिनं त्याच्या शेजारची ओळ धरली. दिवसभर ती त्याच्याशी हवापाण्याचं बोलली, जावयाचं बोलली, एकदा त्याची ओळ वाकडी गेली म्हणून टोचूनही बोलली. दुपारी सुवर्णानं वाढलं ते जेवली. मजुरीच्या माणसासारखी जेवली, म्हणजे पोटभर आणि गप्प.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा वरच्या कोपऱ्यातला एक पट्टा उभा होता. फार नाही. तिघांनी हात चालवला असता तर अंधार पडता पडता झाला असता. मावशीनं कंबर धरून सरळ होत त्या पट्ट्याकडे पाहिलं, मग किशनकडे. तो तिच्याकडेच बघत होता. त्याचे ओठ हलले असं मला वाटलं. पण 'थांब' काही तो म्हणाला नाही.

तिनं विळा पुसून कमरेला लावला. किशननं खिशातून पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. तिनं ते मोजले, त्याच्यासमोरच, आणि पदराच्या गाठीत बांधले.

"उद्या येऊ?" तिनं विचारलं.

"पुढच्या रविवारी ये," तो म्हणाला. "उद्या तुझी ड्युटी हाय."

ती वाटेला लागली. किशन खाली बसला आणि भारे बांधू लागला. तेव्हाच मी त्याला विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का. उभा पट्टा त्या रात्री तसाच राहिला.